नोंद नाही, विचारा

"अन् नसलं त?" असं म्हणून आमच्या मॅडम चष्मा डोक्यावर सरकवायच्या, आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. बहुतेक वेळा तो चेहरा माझा असायचा.

चिखलीत एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमचं ऑफिस. आसपासचे दवाखाने, कृषी केंद्रं, शाळा यांना लागतील ते छोटे प्रोग्राम आम्ही लिहायचो. मॅडम सगळ्यांत जुन्या. रोज अमडापूरहून एसटीनं यायच्या, पण ती चुकली तर म्हणून पर्समध्ये काळी-पिवळी जीपवाल्याचाही नंबर असायचा. चहा सांगतानासुद्धा "दूध नसलं त काळा आण बापा, पण आण," हे शेपूट ठरलेलं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आधी वैतागच येतो त्याचा. मी पुण्याहून कोर्स करून आलो होतो, आणि या बाईंच्या तोंडी सगळं 'तुले-मले'. म्हटलं, या काय शिकवणार मला. शिंगं फुटली होती, दुसरं काय.

तेव्हा मेहकरच्या एका दवाखान्यासाठी मी प्रोग्राम लिहिला. रुग्णाचा नंबर टाकला की त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ते चिठ्ठीवर छापून यायचं. पायथनमध्ये अशी माहिती डिक्शनरीत ठेवतात. 'की' म्हणजे किल्ली द्यायची, इथे रुग्णाचा नंबर, आणि तिच्यासमोरची माहिती घ्यायची. मी सरळ चौकटी कंसात नंबर घालून माहिती मागितली. पहिलाच नवा रुग्ण आला, त्याची की डिक्शनरीत नव्हती, आणि प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला. दवाखान्यातून फोनवर फोन.

मी पाच मिनिटांत दुरुस्ती केली. कंसाऐवजी 'गेट' वापरलं. गेटनं मागितलं की नसलेल्या कीवर प्रोग्राम अडत नाही, आपण ठरवून दिलेलं उत्तर देतो. मी उत्तर ठरवून दिलं, 'ॲलर्जी नाही'. दवाखान्याला पाठवलं आणि मग ऐटीत मॅडमना दाखवलं.

या वेळी चष्मा वर गेला नाही. मॅडम उठून उभ्याच राहिल्या. "काऊन रे, 'नाही' हे कोणं सांगतलं तुले? पेशंटनं सांगतलं का?"

"नोंदच नाही ना मॅडम, म्हणून..."

"नोंद नाही म्हंजे आपल्याले माहीत नाही. तू त 'नाही' छापून देऊन राह्यला. जीव जाईन कोणाचा."

बोलता बोलता त्यांनी दवाखान्यात फोन लावला होता. "चिठ्ठीवर भरोसा ठेवू नका. एकेकाले तोंडानं विचारा."

सिस्टरच्या हातात त्या क्षणी डोणगावच्या एका आजोबांची चिठ्ठी होती. पायाला विळा लागलेला, इंजेक्शन भरून तयार. तिनं विचारलं, तेव्हा सुनेनं पिशवीतून जुना कागद काढला. मागे याच इंजेक्शननं मामंजींचा चेहरा सुजला होता, श्वास कोंडला होता. आजोबा वाचले.

हे कळल्यावर मी राजीनामा लिहायला घेतला. मॅडमनी पाहिलं. "पळून काय होते? बस. आधी थे ओळ नीट कर."

ऑफिसच्या साहेबांना त्या म्हणाल्या, "आमच्याकडून चूक झाली." आमच्याकडून! अहो, मी त्यांना विचारलं तरी होतं का पाठवण्याआधी? त्या दिवसापासून मला ही बाई फार आवडायला लागली, सांगायला लाज कसली.

ओळ बदलली. आता नोंद नसली की चिठ्ठीवर ठळक अक्षरांत यायचं, 'नोंद नाही, रुग्णाला विचारा'. मॅडमनी दोनदा वाचलं. "आता खरं बोलून राह्यला तुहा प्रोग्राम."

पुढे त्या नोकरी सोडून मोताळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. तिथे मुलींना प्रोग्रामिंग शिकवतात. आमचं ऑफिस शांत झालंय आणि मला तिथे करमत नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. चिठ्ठी निघाली. सिस्टरनं ती वाचली, भरलेली सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि म्हणाली, "आजी, कोणतं औषध सोसत नाही का तुमाले?" आईला कोणी असं विचारलं की ती मुळापासून सांगते. माझ्या वेळच्या बाळंतपणापासून सुरुवात झाली. सांगता सांगता एका गोळीचं नाव निघालं. त्या गोळीनं ती दोन दिवस बेशुद्ध होती, आणि हे मला, तिच्या पोटच्या पोराला, माहीत नव्हतं.

मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला. डोळे भरून आले होते, जमेल तसं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बापा. पण त्यायनं सांगतलं, थे नोंदवलं का कोणं?"

मी फोन तसाच कानाला धरून आत गेलो. सिस्टर कॉम्प्युटरवर आईचा नंबर टाकत होती, आणि आई तिच्या खुर्चीला टेकून उभी राहून गोळीचं नाव सावकाश, पुन्हा एकदा सांगत होती.