दिराची डॉक्टरकी

माझ्या दिराला डॉक्टरकीचा भारी सोस. धंदा जमिनीच्या दलालीचा, पण कुणाचंही पोट दुखो, हा निदान सांगून मोकळा. विमानतळ येणार, येणार म्हणून पनवेलच्या दलालांची चांदी होती, तेव्हाची गोष्ट. त्याने माझ्या सासऱ्यांना मारायचंच बाकी ठेवलं होतं.

सासरे सकाळपासून ओटीपोट धरून बसले होते. आदल्या दिवशी सर्दीच्या गोळ्या यानेच मेडिकलमधून आणून दिल्या होत्या. "मुतखडा हाय, वयनी. नारळपाणी पाजा, खडा वाहून जाईल," म्हणत त्याने पळस्प्याहून सहा शहाळी आणली. डॉक्टरकडे नेऊ या म्हटलं, तर म्हणे, "तुमाला काय कळतंय?"

चार शहाळी पाजली, तीही मीच. दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं, माणूस घामाने निथळू लागला. काय होतंय विचारलं की "पोटात दुखतंय" एवढंच. शेवटी कुणाला न विचारता मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी पोट दाबून विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. मी पडद्याबाहेर गेले, तेव्हा कुठे आतून आवाज आला, "काल रातीपासून नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेसमोर लघवीचं नाव काढायचं नाही म्हणून हा माणूस मरायला तयार!

नळी घातली, दीड लिटर निघाली. वयाने प्रोस्टेट वाढलेली, त्यात सर्दीच्या गोळीने लघवी अडली, आणि वरून आम्ही पाणी पाजत होतो. आणखी उशीर झाला असता तर किडन्या गेल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. मागोमाग आलेल्या दिराला नेमका तेव्हाच फोन आला आणि तो बाहेर सटकला.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. आता आपोआप झाली नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासरे बाथरूममध्ये गेले. मी आणि दीर बाहेर उभे. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि मुलाला सोडून मला म्हणाले, "झाली. बक्कळ झाली."

आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण तोंडातून निघालं, "हेच त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तू लेक असतीस तर सांगितलं असतं."

बारा वर्षं त्या घरात राबून मी हे ऐकलं.