सलाल्याचे अकरा माड

"अण्णांनी कोकणातलं शहाणपण गोणी भरून सलाल्यात आणलं. माडांच्या मुळाशी मीठ ओतलं आणि माझे उभे अकरा माड मारले. अर्बाब भडकला, बाग गेली, आणि मला इतक्या वर्षांचं बस्तान गुंडाळून गावी यावं लागलं."

हे उद्गार माझा मित्र सदानंद याचे. गेल्या मे महिन्यात एका मुंजीच्या पंगतीत, मी चार पानांच्या अंतरावर जेवत असताना, त्याने ते मोठ्या आवाजात काढले. भरल्या पंगतीत वाद घालू नये हा आमच्या घरचा शिरस्ता असल्याने मी ताक पिऊन उठलो. त्याचा अर्थ मंडळींनी सोयीने लावला. आता मी गुहागरच्या बाजारात पोचण्यापूर्वी ही कथा तेथे पोचलेली असते, आणि परवा एका दुकानदाराने मला मिठाचा पुडा देताना हसू दाबले. तेव्हा जे घडले ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहून ठेवणे मला भाग आहे.

प्रथम मी, म्हणजे त्या उद्गारांतला अण्णा, कोण ते सांगतो. मस्कतजवळच्या गाला या कारखान्यांच्या वसाहतीत पंपदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये मी सव्वीस वर्षे फोरमन होतो. सदा त्यांतली नऊ वर्षे माझ्या हाताखाली होता. आम्ही एकाच खोलीत राहिलो, एकाच पातेल्यात भात शिजवला. पुढे तो दक्षिणेला, सलाल्याला गेला आणि एका ओमानी गृहस्थाची माड-केळीची बाग सांभाळू लागला. त्या गृहस्थाला तो अर्बाब (मालक आणि व्हिसाचा जामीनदार) म्हणे. मी निवृत्त होऊन गावी आलो. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. पुण्याचा मुलगा आपल्या अकराव्या मजल्यावर ये म्हणत होता. सदा मात्र दर रविवारी फोनवर वेगळेच सांगत होता.

"अण्णा, सलाला म्हणजे दुसरं कोकण. माड आहेत, केळी आहेत, समुद्र आहे. दोघं मिळून बाग बघू. म्हातारपण बोलण्यात जाईल."

बोलण्यात जाईल, या शब्दांनी मी विरघळलो, हे कबूल करतो. धुक्यात बुडालेल्या हिरव्यागार डोंगरांची छायाचित्रे तो पाठवी. मी माझी माड-पोफळीची बाग पुतण्याच्या हवाली केली, घराची किल्ली त्याला दिली आणि वाडीत सर्वांना सांगितले, "पाहुण्याच्या व्हिसावर जातो. पटले तर कायमचा राहीन." यातले 'पटले तर' आज कोणालाच आठवत नाही.

मार्चच्या मध्यावर मी मस्कतला उतरलो. बरोबर माझ्या सर्वांत जुन्या माडाचे सहा कोंब फुटलेले नारळ होते. विमानतळावरील तरुण अधिकाऱ्याने ते पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, "ममनू" (मनाई). मी त्याला माझ्या गाल्यातल्या अरबीत ऐकवले की, ज्या काळात तुझा जन्मही झाला नव्हता त्या काळात तुझ्या देशाच्या विहिरींचे पंप मी चालू ठेवले आहेत. त्याने अदबीने मान डोलावली, मला 'चाचा' म्हटले आणि सहाही नारळ डब्यात टाकले. नियम त्याच्या बाजूने होता. तरीही मला राग आला.

सलाल्याला विमानाने जाता येते. मी मुद्दाम बसने गेलो. सव्वीस वर्षांत या देशाची दक्षिण पाहण्याइतकी रजा मला कधी मिळाली नव्हती. सकाळी सहाला निघालेली बस निझव्याचे खजूर मागे टाकून वाळवंटात शिरली आणि मग दिवसभर खिडकीबाहेर काहीच घडले नाही. हैमा नावाच्या थांब्यावर चहा, पराठा आणि अंडे मिळाले. शेजारच्या आसनावर रायगडकडील एक सुतार होता. त्याने विचारले, "सुट्टीवर आलात काय, बाबा?" मी म्हटले, "राहायला." त्याने माझ्या केसांकडे पाहिले आणि अतिशय काळजीने आपल्या डब्यातली कोथिंबीरवडी माझ्यापुढे केली. मला दया आवडत नाही. पण वडी चांगली होती.

थुमरैत हे गाव सोडल्यावर रस्ता डोंगराच्या कडेवरून खाली कोसळतो. सदाच्या छायाचित्रांतले हिरवे डोंगर ते हेच. मार्चमध्ये ते जळालेल्या भाकरीच्या रंगाचे होते. झाडांच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि त्यांमधून उंट रस्ता अडवून चालले होते. तेथे खरीफ (जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा धुक्याचा, रिमझिमीचा ऋतू) असतो तेव्हाच ते हिरवे दिसतात. दुसरे कोकण, दुसरे कोकण म्हणणारी सारी मंडळी त्या ऋतूत चार दिवस येतात आणि भुट्टे खाऊन परततात. उरलेले नऊ महिने तेथे कोण राहतो, हे विचारायला त्यांना सवड नसते.

खाली उतरल्यावर मात्र समुद्रालगतची हिरवी पट्टी दिसली आणि माझे मन हलले. रस्त्याच्या कडेला झावळ्यांची दुकाने, शहाळ्यांचे ढीग, केळीचे लोंगर, पपया. सदा थांब्यावर उभा होता. वाकून पाया पडला. म्हणाला, "फोरमन आले, आता पंप सुरळीत चालणार." पहिल्या संध्याकाळी त्याने कनादचे (सुरमईला तिकडे कनाद म्हणतात) कालवण केले, ते माझ्या पत्नीच्या पद्धतीने, त्रिफळे घालून. मी दोनदा भात घेतला. हेही लिहितो, कारण मी तेथे जाताच नाक मुरडले असाही एक प्रवाद आहे.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो. वाळूवर तारल्यांचे गालिचे पसरलेले होते. ती मासळी उंटांना चारतात. गावी आम्ही सुक्या मासळीची कुटी माडांना खत म्हणून घालतो, त्यामुळे मला नवल वाटले नाही. वास तेवढा ओळखीचा वाटला. तिथून बागेत आलो आणि अकरा माड पाहिले. समुद्राकडच्या अंगाची ती ओळ होती. झावळ्या खोडाला चिकटून लोंबत होत्या, शेंडे सुकले होते, नारळ मुठीएवढे असतानाच गळून पडले होते. माड एका रात्रीत मरत नाही. त्याला कित्येक महिने लागतात. त्या दिवशी मला सलाल्यात येऊन एक दिवसही पुरता झाला नव्हता.

येथे माझी चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. आमच्या वाडीत कोणताही माड मलूल दिसला की आजोबांपासून एकच औषध: आळ्यात राख आणि जाडे मीठ. मी विहिरीकडे न पाहता, पंपाला हात न लावता, सव्वीस वर्षांचा पंपवाला असूनही, मोठ्याने म्हणालो, "सदा, यांना मीठ हवे." दोन गडी ते ऐकत होते. सदा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा." त्याला पाणी ठाऊक होते. तरीही तो तसे म्हणाला.

मीठ आणायला मी स्वतः गेलो. जवळच दाऊदभाई नावाच्या श्रीवर्धनच्या गृहस्थांचे किराणा दुकान आहे. दुकानात मराठी ऐकून मला बरे वाटले. मी जाड्या मिठाची गोणी मागितली.

"एवढं मीठ? लोणच्याचा कारखाना टाकताय की काय?"

"माडांना."

दाऊदभाईंनी वजनकाट्यावरचा हात काढला. "अण्णा, तुम्ही आपल्याकडले, म्हणून सांगतो. मीठ टाकायचंच असेल तर समुद्रात टाका. तिकडं निदान कोण मरणार नाय. तुमच्या त्या बागेतल्या विहिरीचं पाणी चाखलंत काय?"

"नाही."

"मग आधी ते चाखा. गोणी कुठं पळत नाय. पटलं तर संध्याकाळी या, मी स्वतः आणून टाकतो."

मी परत आलो, पंपाच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि पाणी जिभेवर घेऊन थुंकलो. त्या पाण्यात भात शिजवला असता तर वेगळे मीठ लागले नसते. मग मी सदाच्या पेटीतला पाना घेतला आणि पंप उघडला. आतला इंपेलर (पाणी फेकणारे चाक) खाऱ्या पाण्याने खाऊन चाळणी झाला होता. किनाऱ्यालगत सर्वांनीच वर्षानुवर्षे उपसा केला की गोडे पाणी मागे हटते आणि समुद्र जमिनीखालून आत येतो. हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. दाऊदभाईंच्या दुकानात मी पुन्हा गेलो तो आभार मानायला. गोणी तेथेच राहिली.

संध्याकाळी सदाला विचारले, "हे पाणी कधीपासून असे आहे?"

"झालं तुमचं सुरू? जीभ म्हातारी झालीय, अण्णा."

"जीभ असेल. इंपेलरही म्हातारा झाला? गेल्या वर्षीच नवा बसवलास, असे तूच फोनवर म्हणाला होतास."

"खरीफ आलं की सगळं धुऊन निघतं."

"अकरा शेंडे गेलेत. ते धुऊन परत येतात?"

तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "फोरमन तुम्ही गाल्यात होतात. इथं माझी बाग आहे."

नऊ वर्षांत त्याने मला असे कधी ऐकवले नव्हते. मी पाना पुसून त्याच्या पेटीत ठेवला, आणि ज्या बोलण्यासाठी मी आलो होतो ते तेथेच संपले.

पुढील शुक्रवारी अर्बाब आले. पंच्याहत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, हातात छडी. मी विहिरीविषयी सांगू लागलो तर त्यांनी छडीनेच मला थांबवले. "आरिफ, आरिफ" (ठाऊक आहे), असे म्हणत त्यांनी शेजारच्या ओसाड जमिनींकडे बोट केले. त्यांचे मालक केव्हाच सोडून गेले होते. पण ही झाडे त्यांच्या वडिलांनी लावलेली. ती जोवर उभी आहेत तोवर कोणी विश्वासाचा माणूस येथे हवा, असे ते म्हणाले. मग माझा हात हातात घेऊन प्रेमाने म्हणाले, "सदा रूह बलद, इन्ता इजी. ज़ैन!" (सदा गावी जाणार, तू येणार. छान!)

मी सदाकडे पाहिले. तो हसला. "दोन महिन्यांच्या सुट्टीचं म्हणतोय तो. म्हातारा आहे, समजतं त्याला अर्धंच."

मला तर त्या म्हाताऱ्याला सारे समजते असे वाटले. मरणाऱ्या बागेला राखणदार हवा होता, आणि सदाने आपल्या जागी माझे नाव दिले होते. तरीही मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा प्रयत्न आणखी दहा दिवस केला. मुगसैलच्या किनाऱ्यावर त्याने मला नेले. तेथे खडकाच्या भोकांतून लाटा कारंज्यासारख्या उसळतात. मी जवळ गेलो आणि नखशिखांत भिजलो. सदा पोट धरून हसला, मीही हसलो. ओठांवर खारट पाणी आले. त्याच क्षणी मी म्हणालो, "सदा, मी सोमवारी जातो." तो हसायचा थांबला. राहा असे म्हणाला नाही. "अर्बाबला काय सांगू?" एवढेच विचारले.

मी परतलो. पुतण्याने किल्ली दिली, देताना "एवढ्यात?" असे विचारले. माझ्या बागेत त्याने केळीच्या दोन ओळी काढून स्वतःची रोपे लावली होती. 'पटले तर' का होईना, कायमचा राहीन असे वाडीभर सांगून गेलेल्या माणसाला त्याबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही. महिनाभराने सदाही गावी आला, आणि मुंजीच्या पंगतीत त्याने मीठ वाढले.

गावी यावेसे वाटणे हा गुन्हा नाही. तो मला म्हणाला असता, "अण्णा, मी थकलो, माझी सुटका करा", तर मी तेथे वर्षभर त्या झाडांचे मरण पाहत बसलो असतो. मित्रासाठी माणूस तेवढे करतो. पण त्याने मला कोकण म्हणून मिठागर दाखवले, आणि मी ते ओळखले म्हणून मिठाचा आळ माझ्यावर घातला. त्याच्या म्हणण्यानुसार त्याचे परतणे हे माझ्या कृत्याचे फळ आहे. मी आलो नसतो तर तो आजही तेथे असता.

ओमानमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला एक रीत ठाऊक आहे. सुट्टीवर येणारा बॅगा घेऊन येतो. जो कायमचा परततो, तोच भांडी, पांघरुणे, हत्यारे खोक्यांत भरून, दोरीने आवळून, वर ठळक अक्षरांत गावाचे नाव लिहून जहाजाने पाठवतो. मीही तसेच केले होते. जूनमध्ये सदा घरी नसताना मी त्याच्याकडे गेलो. वहिनींनी चहा ठेवला. ओटीवर तशीच खोकी उघडून पडली होती. मी सहज विचारले, "सामान सदाबरोबरच आले का?"

"छे हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "ते कधीचं आलंय. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी टेम्पो दारात. माझा उपास, आणि ओटीवर पाय ठेवायला जागा नाही."

मी मुंबईहून विमानात बसलो तो महाशिवरात्रीनंतर चार आठवड्यांनी.