गेटवरची लाल नावं

कॉम्प्युटरवरच्या हजेरीच्या यादीत रंगाचा नियम मी नावांना लावला दुसऱ्या ओळीपासून, आणि फॉर्म्युल्यात गाव बघायला सांगितलं पहिल्या ओळीपासून. त्यामुळे वाडीवरच्या माणसाचं नाव लाल होण्याऐवजी त्याच्या खालच्याचं झालं, आणि सकाळी गेटवर साहेबांच्या मेव्हण्याचा डबा उघडला गेला. भेंडीची भाजी. सगळ्या पाळीनं बघितली.

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात मी हजेरीचा क्लार्क. कंत्राटी. तांब्याची वायर चोरीला जात होती. साहेब म्हणाले, गावाच्या रकान्यात 'वाडी' दिसली की नाव लाल झालं पाहिजे. लाल नावाची पिशवी वॉचमन येता-जाता उपडी करणार.

मला सगळं कळलं होतं. तरी मी खूश. एका रकान्याकडं बघून दुसरा रंगवायचा, हे ऑफिसात फक्त मला येत होतं! मी स्वतः ठाकूरवाडीचा, आदिवासी. माझ्या नावापुढं ते मीच टाईप केलेलं. पण खुर्चीवर बसणाऱ्याची पिशवी कोण उघडतंय?

डब्याचं कळल्यावर साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"वाडीवरच्याला कॉम्प्युटर दिला की असंच होणार. कर दुरुस्त. माझ्यासमोर."

घरी बायको पोटुशी. फॉर्म्युल्यात एकचा दोन केला. सगळे लाल डाग एकेक ओळ वर सरकले. मेव्हणा पांढरा झाला. त्याच्या वरचं नाव लाल झालं.

ते माझं होतं.

म्हणजे सकाळी त्याच्यावर पडलेला रंग माझाच.

साहेब हसले. "आता कसं बरोबर आलं! काढ प्रिंट."

मागं सगळे हसले. पळून जावं वाटलं. पण जाणार कुठून? गेटवर वॉचमन.

मी नियम पुसला. मग गावाचा रकानाच उडवला. सेव्ह केलं.

"साहेब, तपासायचं तर सगळ्यांचं तपासा. तुमचीपण बॅग. हा रंग मी परत लावणार नाय."

आवाज बोकडासारखा चिरका निघाला. ऑफिसात घाबरलो की माझा 'नाही'चा 'नाय' होतो.

"उद्या येऊ नकोस," साहेब म्हणाले.

येणार. गेटवर उभा राहणार. आत घेतलं नाही तर तिथंच, येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार की ही यादी कशी रंगते.

बाहेर हिरामावशी भेटली. आमच्याच वाडीची, झाडलोट करते. वाडीच्या बायकांची नावं यादीत एकाखाली एक, त्यामुळे माझ्या चुकीतही पहिली सोडून बाकीच्या सुटल्या नव्हत्या. सकाळी तिची भाकरी मातीत पडली होती. मी तिला सगळं सांगितलं, जरा छाती काढूनच.

तिनं ऐकून घेतलं.

"आमाला लाल तूच केलंस ना रं? मग आता पुसलंस, तर काय आरती ओवाळू तुझी?"