बापाच्या रजेची सुट्टी

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणातल्या खळ्यात बसून सुका जवळा निवडणं. मी कचरा ठेवून जवळा फेकत होतो, म्हणून तिने शिव्या घातल्या. मग शाळेतली ती जुनी सभा आठवून तिला हसू फुटलं. दोन दिवसांनी ती वारली. रडून काय होतंय? ती सभाच सांगतो.

चीनच्या लढाईआधीचं साल. मी पलटणीत टेलिफोनवर. एका कानाने ऐकलेला निरोप पुढे जसाच्या तसा सांगायचा, मध्ये आपली अक्कल घालायची नाही, एवढंच काम. वर्षाने देवगडजवळच्या आमच्या गावी रजेवर आलो, तेव्हा आमची चौथीतली पोरगी आठ दिवस शाळेत गेलीच नाही. माझ्या पाठीला चिकटून. नवव्या दिवशी गेली तर पटावरून नाव कमी! परीक्षेला बसता येणार नाही म्हणे. गावात पलटणवाल्यांची घरं पुष्कळ, सगळ्यांच्या पोरांचे हेच हाल.

बायको शाळा समितीपुढे गेली. गुरुजी म्हणाले, “पालकांनी स्वतः यावं.” म्हणजे आई पालक नव्हेच!

मग मी गेलो. समोर पाच शिकलेली माणसं बघून माझी वाचाच बसली. ती दाराबाहेर उभी होती. तिथून कुजबुजली, “सांगा, बापूस वरसान एकदा घराक येता.”

मी ताठ उभा राहून ओरडलो, “बाप वर्षाने एकदा घरी येतो!”

“तेवा पोरान बापाशीक बघूचा काय फळ्याक?”

“तेव्हा पोरानं बापाला बघायचं की फळ्याला?”

“मोठ्यान कित्या आराडतास? तो टकलो काय बहिरो आसा?”

“मोठ्याने कशाला ओरडता? तो टकल्या काय बहिरा आहे?”

अध्यक्षांच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. मग अध्यक्षच पोट धरून हसले. “अरे, तू बाजूक हो! वहिनी, तुमी आत येवा, खुर्चेर बसा.”

ती बसली ती ठराव करूनच उठली. बाप रजेवर आला की पोरांना आठ दिवस सुट्टी, पटावरचं नाव कायम. आमच्या पोरीचं नावही परत चढलं. पुढे किती वर्षं समितीवर तीच जायची. वहीत नाव माझं, बोलायची ती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला ऐटीत म्हटलं, “निज गो, तुका आता सुट्टी.”

“माझे आठ दिस कधीच संपले, बाबा,” म्हणत तिने पाटी उचलली.

माझी रजा अजून महिनाभर होती. करतो काय? गेलो तिच्यामागून, आणि मधली सुट्टी होईपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून राहिलो.