वल्ही उचलायची जागा

हे देवाचं काम होतं की नुसतं वाऱ्याचं आणि जाळ्याचं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी मुळात देव देव करणाऱ्यातला नाही. आमच्या घरात देवाचं सगळं माझी बायको बघायची. होडीत मी जाळं सोडायचो, ती वल्ही मारायची, आणि देवाकडं बघायचं कामही मी तिच्यावरच टाकून दिलं होतं. ती गेल्यावर दोन्ही कामं माझ्याकडं आली आणि दोन्ही मला जमेनात. देवापुढं हात जोडले तरी वाटायचं, हा आपल्याला ओळखतच नाही, हा तिला ओळखतो.

डाळजच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यावर आमच्यासारखी पुष्कळ जोडपी मासे धरतात. बाई वल्हवते, गडी जाळं टाकतो आणि काढतो. आमचं जुनं गाव याच पाण्याखाली आहे, आणि गावाबरोबर महादेवाचं देऊळही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी कळस दिसतो, मग आख्खं देऊळ उघडं पडतं. माणसं गाळ काढतात, पिंड धुतात, दिवा लावतात आणि निघताना कळसाला एक उंच वेळू बांधून ठेवतात, पाणी चढल्यावर जागा कळावी म्हणून. कारण आमच्यात एक रीत आहे. देवळावरून होडी जाताना वल्ही उचलायची. देवाच्या माथ्यावर वल्हं मारायचं नाही. होडी जशी जाईल तशी जाऊ द्यायची आणि वेळू मागं पडला की पुन्हा वल्ही पाण्यात घालायची. तेवढ्यात कुणी बोलत नाही. माझी बायको वल्ही मांडीवर आडवी घ्यायची, टोकांवरून पाणी ठिबकत राहायचं आणि तिचे ओठ हलायचे. काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. रोजचंच आहे, त्यात काय विचारायचं, असं वाटायचं. आता जन्मात तेवढंच एक विचारायचं राहिलं असं वाटतं, आणि विचारणार कुणाला?

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण ते सोडून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. पौषातली सकाळ होती. जाळं आदल्या संध्याकाळी टाकलेलं. हिला दोन दिवस कणकण होती. ती म्हणाली, "आज अंग लई मोडून आलंय. आज ऱ्हाऊ द्या." जाळं काढलं नाही तर मासा खराब होतो, हे खरं. पण मी नुसतं तेवढं म्हणालो नाही. मी म्हणालो, "झोपायचंच व्हतं तर माहेरी ऱ्हायचं व्हतंस." ती शाल गुंडाळून उठली. गार वारं सुटलेलं, पाणी कापल्यासारखं अंगावर येत होतं. जाळं काढून परत येताना वेळू दिसला आणि सवयीनं तिनं वल्ही उचलली. होडी लगेच वाऱ्यानं वाकडी व्हायला लागली. मला घाई होती, भिगवणच्या बाजाराची वेळ टळत होती. मी ओरडलो, "मार वल्हं!" तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा ओरडलो. तिनं देवाच्या माथ्यावर वल्हं मारलं. किनाऱ्याला उतरताना एवढंच म्हणाली, "ह्ये माझ्या नावावर न्हाय बरं का."

त्याच दिवशी तिला श्वास पुरेनासा झाला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत आधीपासूनच भरलं असणार. असेलही. पण ती घरी परत आली नाही आणि मी तिच्याशी त्या वल्ह्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

लेक काटेवाडीला दिलेली आहे, रंजना. घरचा गोठा आहे, ऊस आहे, भली माणसं आहेत. ती रडत म्हणाली, "आण्णा, तापात तुमी तिला जाऊ कसं दिलं वो?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तिलाच राहवेना. मी नको म्हनत व्हतो." त्या एका वाक्यावर मी लेकीच्या घरी राहिलो. ती मला ऊन पाणी द्यायची, गरम भाकरीवर दूध घालायची, नातेवाइकांना सांगायची, "आण्णांनी लई जपलं आईला." तिची माया जितकी वाढायची तितका घास माझ्या घशात अडकायचा. होडी डाळजला चिंचेखाली पालथी पडली होती. जावई म्हणाले, विकून टाकू. मी हो म्हणालो. पण वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मला त्या होडीची नाही, होडीतल्या एका फळीची ओढ लागली. तिची बसायची फळी. मधे घासून गुळगुळीत झालेली. शेवटचं एकदा त्या फळीसमोर बसावं म्हणून मी कुणाला न सांगता डाळजला गेलो, संध्याकाळी ओळखीच्या एका पोराला वल्हवायला घेऊन जाळं टाकलं आणि त्याच्याच घरी झोपलो.

सकाळी उठलो तर तेच गार वारं. शहाण्या माणसानं होडी काढली नसती. एकट्यानं वल्हवायचं म्हणजे तिच्या फळीवर मलाच बसावं लागलं, आणि माझी जागा समोर रिकामी. तिला वर्षानुवर्षं समोर काय दिसायचं ते मला तेव्हा दिसलं. जाळ्यापर्यंत पोचलो, त्याचं टोक होडीच्या नाकाला बांधलं आणि निम्मं आत ओढलं. मासा म्हणाल तर चार चिलापी लागल्या होत्या, बाकी शेवाळ. मग वाऱ्यानं असा जोर केला की जाळं सोडून मी वल्ह्याला हात घातला. निम्मं जाळं तसंच पाण्यात लोंबत राहिलं. किनारा समोर दिसत होता आणि होडी मागं जात होती. बोटं बधिर झाली होती, वल्हं धरलंय की नाही ते बघूनच कळत होतं. लाटा होडीच्या कडांवरून आत यायला लागल्या. पलीकडं नुसतं पाणीच पाणी, दुसरा काठ धुरकट. मनात आलं, इथं बुडालो तर रंजना चांगला बाप गेला म्हणून रडेल. मी चांगला माणूस म्हणून बुडेन. त्या विचारानं मला वाऱ्यापेक्षा जास्त कापरं भरलं.

त्या वर्षी पावसाळ्यात कळसावरचा वेळू मोडून गेला होता. पण आम्हाला दुसरी खूण माहीत असते. काठावरची चिंच आणि तिच्या मागची पाण्याची टाकी एका रेषेत आली आणि डाव्या हाताची टेकडी लांबच्या पुलाच्या भरावाआड गेली, की खाली देऊळ. मी मान वर केली तर चिंच आणि टाकी एकीमागं एक उभ्या. टेकडी दिसत नव्हती. हात आपोआप थांबले. डोकं म्हणत होतं, मार वल्हं, मरशील. अगदी माझ्याच आवाजात, वर्षापूर्वीच्या. मी वल्ही उचलली आणि मांडीवर आडवी घेतली. मोठ्यानं बोललो, वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार होतं: "देवा, तिच्या हातनं म्याच मारून घेतलं. ती न्हाय म्हनत व्हती. आता माझ्या हातनं न्हाय मारणार. ठेव न्हाय तर ने." एवढं स्वच्छ मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. होडी आडवी झाली, एक लाट मांडीवर फुटली.

आणि मग हिसका बसला. होडीचं नाक गर्रकन वाऱ्याकडं वळलं आणि ती जागेवर उभी राहिली. लोंबणारं जाळं खाली कशात तरी अडकलं होतं. लाटा नाकावर फुटून दोन्ही अंगांनी जायला लागल्या, आत येणारं पाणी थांबलं. मी डबा घेऊन आतलं पाणी उपसत राहिलो. दोरी ताणून तारेसारखी वाजत होती. ती खाली कशाला गुंतली असेल हे मला माहीत होतं, पण मी वाकून बघितलं नाही. बघायची भीती वाटली म्हणा, लाज वाटली म्हणा.

किती वेळ गेला कोण जाणे. वारं थोडं उतरलं तशी एक होडी दिसली, पलीकडच्या करमाळ्याच्या बाजूची. अनोळखी जोडपं होतं, माझ्यापेक्षा वयानं लहान. गडी लांबूनच ओरडला, "तात्या, मधोमध खुंटा मारून म्हशीगत बांधून घेतलंय व्हय सवताला?"

बाई त्याच्यावर खेकसली, "त्येंची दातखीळ बसलीया आन तुमाला चेष्टा सुचतीया!"

ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला होडी घेऊन गेली. आणि तिथून, माझ्याकडं येताना, तिनं वल्ही उचलली. मांडीवर आडवी घेतली आणि नुसती बसून राहिली. टोकांवरून पाणी ठिबकत होतं. होडी आपोआप हळूहळू माझ्याकडं वाहत आली. मी बघतच राहिलो. शेवटी विचारलं, "बाई, तुमच्यात बी हितं वल्ही उचलत्यात?"

तिला कळलंच नाही. म्हणाली, "हितं काय न् तितं काय, तात्या. मारत आलो असतो तर आदळलो असतो तुमच्यावर. वारंच आणतंय म्हनल्यावर आपण कशाला हात घालायचा?"

तिच्या नवऱ्यानं मला त्यांच्या होडीत ओढून घेतलं, स्वतःची कानटोपी माझ्या डोक्यात घातली. जाळं ओढून बघितलं, निघेना. कापून तिथंच सोडलं. होडी मागं बांधून त्यांनी मला चिंचेपाशी आणून सोडलं. चहाला थांबा म्हटलं तर बाई म्हणाली, "आमचं जाळं वाट बघतंय." त्या चार चिलापी मी त्यांच्या होडीत टाकल्या. नाव विचारायचंही राहिलं.

त्याच दिवशी काटेवाडीला गेलो. रंजना धार काढत होती. मी गोठ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. ताप, माहेरचा टोमणा, ते वल्हं, आणि नंतरचं खोटंही. दुधाची धार थांबली नाही. बादली भरली तेव्हा ती उठली. म्हणाली, "म्हंजी आईनं नगं म्हनलं व्हतं."

"व्हय."

"आन तुमी मला वरीसभर सांगत व्हता की तिलाच राहवेना."

"व्हय."

ती बादली घेऊन आत गेली. त्या रात्री मला जावयांनी वाढलं. पुढं श्राद्ध होईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटलं, लेकही गेली. पण खोटं सांगू नये, त्या रात्री वर्षात पहिल्यांदा घास घशाखाली उतरला होता.

श्राद्ध झाल्यावर एका सकाळी ती पदर खोचून माझ्यापुढं उभी राहिली. "मला तितं न्या."

वारं होतंच, पण अंगावर घेता येण्यासारखं. ती आईच्या फळीवर बसली. वल्हवायची सवय नाही, होडी कधी इकडं, कधी तिकडं. "आण्णा, ही काय होडी हाय का आडमुठी गाय? आई कशी वढायची वो हिला?" वर्षभरात पहिल्यांदाच आईचं नाव तिनं माझ्यापुढं रडल्याशिवाय, रागाशिवाय घेतलं. मी समोर माझ्या जागेवर बसलो होतो. चिंच आणि टाकी एका रेषेत आली तसं म्हणालो, "उचल."

तिनं वल्ही उचलली, मांडीवर घेतली. होडी जशी जायची तशी जाऊ लागली. थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं. आणि तिचे ओठ हलले.

विचारावंसं फार वाटलं. आईकडं काय मागितलं, देवाला काय सांगितलं, मला माफ केलं की नाही. जिवात सगळी तीच ओढ दाटून आली. पण मी विचारलं नाही. पूर्वी विचारलं नव्हतं ते माझ्या बेपर्वाईनं. या वेळी विचारलं नाही, कारण ते त्या दोघींचं आणि देवाचं होतं, आणि माझ्या वाट्याला समोर बसायला मिळालं होतं, तेवढं पुष्कळ होतं. त्यानं मला का धरून ठेवलं, हे मला कळलेलं नाही. बहुतेक तेवढी जागा ओलांडेपर्यंत गप्प बसायला शिकावं म्हणूनच असेल. मी मनातल्या मनात हात जोडले.

देऊळ मागं पडलं. "मारू का आता?" रंजनानं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो. "जाऊ दे अजून थोडं."