देवी गेली तर कुणाकडे

गिरिजाच्या आजीच्या, भानुमतीच्या, अंगात देवी यायची. इंग्रजांच्या अमलात एका मंगळवारी देवी तिच्या तोंडून म्हणाली, सरकारला गवत देऊ नका, लाकूड देऊ नका. आणि गावांनी ते ऐकलं. कलेक्टरने दम दिला, देवी गेली असं चारचौघांत सांग, नाहीतर तुरुंग. पुढच्या मंगळवारच्या बैठकीत तिने तसं सांगितलंही. पण त्याच बैठकीत ती पुन्हा घुमली आणि तुरुंगात गेली. घरात सगळे म्हणत, काय धाडसाची बाई.

मयूर विहारच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यावर गिरिजाने ही गोष्ट शेजारच्या ममतावहिनींना सहज सांगितली. थोड्याच दिवसांत त्यांनी विचारलं, "आमच्या सुजयला त्या परदेशी कंपनीत नोकरी लागेल का गं?"

"लागेल हो."

लागली. मग मंगळवार सुरू झाले. पहिल्यांदा गिरिजा घुमली ते खरं होतं की टाळ्यांचा जोर, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आता भाजी आणायला गेलं तरी बायका पाया पडत.

पण खालच्या मजल्यावरच्या वृंदाने देवीच्या भरवशावर मिरगीच्या गोळ्या सोडल्या आणि जिन्यात पडली. त्या मंगळवारी गिरिजा पाटावर बसलीच नाही. "आता बंद. देवी गेली."

ममतावहिनी हसल्या. "जाईल कुठे? घरातच असणार."

"बेटी में आई होगी," मागून कुणीतरी म्हणालं.

गिरिजाची बारा वर्षांची लेक अक्षया डायनिंग टेबलवर गणितं करत होती. वहिनी कुंकवाची कोयरी घेऊन तिच्याकडे गेल्या. "ये बाळा, जरा पाटावर बस."

"आंटी, उद्या माझा टेस्ट आहे यार."

"आता तूच सगळ्यांना पास करायचं."

बायका हसल्या. वहिनींनी तिच्या कपाळावर मळवट भरला आणि दंडाला धरून तिला उठवलं.

गिरिजाची आई लहानपणची एक आठवण नेहमी कौतुकाने सांगायची: पुष्कळ बायका जमल्या होत्या, त्यांनी मला मळवट भरला, मांडीवर घेतलं, आणि तेवढ्यात आई, म्हणजे तुझी आजी, घुमायला लागली. तो मंगळवार कोणता होता, ते गिरिजाला आत्ता कळलं.

तिने अंबाडा सोडला. "मी इथेच आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि पाटावर बसली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या. वहिनींचा हात सुटला. अक्षया मनगटाने कपाळ पुसत, वही उचलून आत गेली.

गिरिजाने वृंदाला पुढे बोलावलं. "गोळ्या घे."

"देवीच सांगते तर घेते," वृंदा हात जोडून म्हणाली.

गिरिजा घुमत राहिली. आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा तिने विचारलं, "पुढे कोण?"