गयाअक्का आणि विषाचा परवाना

माणिकभाऊजी सकाळच्या गाडीनं गुलबर्ग्याला आले आणि घरात न येता दाराबाहेरच उभे राहिले. हातात पिशवी नव्हती, डोक्याला रुमाल नव्हता. "तुझी अक्का गेली, इमल," ते म्हणाले. "झोपेतच." मला आधी रडू आलं नाही, नवलच वाटलं. झोपेत? गयाअक्का झोपेत गेली? माझी ही थोरली जाऊ, माणिकभाऊजींची बायको, कुणाच्या तरी काठीखाली मरणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ती स्वतःही तसंच म्हणायची. आता महिना होत आला, तरी तिचं ते शांत मरण मला खरं वाटत नाही.

आम्ही राहायचो त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं आमचे लोक अजून नांदतात. बीदरच्या बाजूचं, नगरपालिका असलेलं छोटं गाव. आमच्या सासऱ्यांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, तेव्हा त्यांच्या जुन्या खेड्यातल्या लोकांनी त्यांना झाडाला बांधून मारलं होतं. मग घरदार उचलून ते या गावाच्या कडेला येऊन राहिले. अक्का तेव्हा कमठाण्याहून नवी नवरी होऊन आलेली. मी पुष्कळ वर्षांनी आले. सातवी पास म्हणून सासरी माझा मान होता, पण कामातून सुटका नव्हती. गावाचा सगळा कचरा आमच्या वस्तीमागच्या पड जमिनीवर पडायचा. त्यातला ओला कचरा, शेण, पालापाचोळा वेगळा काढून आम्ही खड्ड्यांत कुजवायचो. त्याचं खत ऊसवाले, आल्याचे मळेवाले गाड्या भरभरून न्यायचे. काच, लोखंड, चिंध्या वेगळ्या विकायच्या. या कामाचा नगरपालिकेकडून परवाना काढावा लागे. खत करणाऱ्याला फी थोडी, कारखान्याची घाण टाकणाऱ्याला जास्त, असा जुना नियम होता. पंधरा-वीस घरं त्यावर जगत होती, आणि त्या सगळ्या घरांची मुकादम अक्का होती. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं कमी. कुणी बाईमाणसावर हात टाकला तर सांगत बसायची नाही, सरळ दगड उचलायची.

पुढं आमच्या भागात रसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग एक ठेकेदार आला. कारखान्यांचा गाळ टँकरनं आणायचा आणि आमच्या खड्ड्यांशेजारी ओतून जायचा. हिरवट, फेसाळ, नाकाला झोंबणारा गाळ... पहिल्यांदा कुत्री मेली. मग आमच्यातली सखूबाई बाटल्या वेचता वेचता त्यात घोट्यापर्यंत रुतली. बाहेर काढली तेव्हा पायाचं कातडं मोज्यासारखं निघून आलं होतं. दोन महिने ती वस्तीवर ओरडत होती, तिच्या ओरडण्यानं पोरं जेवायची नाहीत. ती मेली त्याच सुमारास नगरपालिकेची नोटीस लागली. परवान्याच्या फीत बदल करायचं चाललं होतं. घाण कसली आहे ते बघायचं नाही, सगळ्यांना जागेच्या मापानं सारखीच फी, आणि वर्षाची आधी भरायची. हरकत असेल त्यानं सभेत येऊन सांगावं. मी ती नोटीस अक्काला कन्नडमधून मराठीत करून सांगितली. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं. ठेकेदाराची फी उतरणार होती, आमची अशी चढणार होती की जागा सोडून जावं लागलं असतं. आणि आम्ही उठलो की सगळी जमीन त्याच्या गाळाला मोकळी.

सभेच्या आधीच टँकर आला. भर दुपारची वेळ. या वेळी तो बाजूला थांबला नाही, मागं मागं येत सरळ आमच्या भरलेल्या खड्ड्यांवर आला. अक्का त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरला, तिचे केस मुठीत धरून तिला फरफटत बाजूला नेलं आणि पोटात लाथ घातली. आणखी एक घातली. आम्ही बाया जागच्या जागी थिजलो होतो. अक्का गुडघ्यावर उठली, खत ओढायचं लोखंडी दाताळं तिच्या हाताला लागलं, आणि तिनं ते त्याच्या मांडीत खुपसलं. तो मटकन खाली बसला. ओरडलाही नाही, मांडीकडे बघत राहिला. अक्कानं दाताळं उपसलं, रक्ताची चिळकांडी माझ्या लुगड्यावर आली. तिनं ते पुन्हा उचललं, या वेळी त्याच्या मानेवर घालायला. मी धावत जाऊन तिच्या हाताला लोंबकळले. "सोड इमल," ती अगदी हळू म्हणाली. मी सोडलं नाही.

पोलीस येईपर्यंत ती खड्ड्याच्या काठावर बसली होती. मी जवळ बसले तेव्हा म्हणाली, "मारताना हाताला बरं वाटलं गं. त्याचंच मला भेव वाटायलंय." तिला वाघीण म्हणणारे आज पुष्कळ भेटतात. त्यांनी हे ऐकलेलं नाही.

तिला चौकीत नेलं आणि त्याच संध्याकाळी ठेकेदाराची माणसं जीप भरून आली. काठ्या, सायकलच्या साखळ्या, रॉकेलचे डबे. आधी खड्डे पेटवले, मग झोपड्या. माणिकभाऊजींचा हात त्यांनी दगडावर ठेवून मोडला. माझे मालक लक्ष्मण भावाला सोडवायला मधे गेले. ते भांडणारे नव्हते, गावात कुणाशी वर तोंड करून बोलायचे नाहीत. त्यांच्या डोक्यात काठी बसली तो आवाज मी ऐकला... त्याबद्दल मला आणखी लिहिता येत नाही. खताच्या टेम्पोत घालून त्यांना गुलबर्ग्याच्या दवाखान्यात न्यायला निघालो. हुमनाबादच्या पुढं माझ्या हातातला त्यांचा हात गार पडला. तरी मी ड्रायव्हरला थांब म्हटलं नाही. गुलबर्ग्यापर्यंत तशीच बसून राहिले.

अक्काला जामीन मिळाला. ती आली आणि माझ्या पायाशी बसली. मग तिनं सभा कधी आहे ते विचारलं. मी येणार नाही असं तिला वाटलं असावं. मी गेले. आम्ही सगळ्या बाया गेलो. अध्यक्षांनी हरकत लेखी द्या म्हणून सांगितलं. ती मी लिहून नेली होती, पण तोंडीही सांगू द्या म्हणून अक्का हटून बसली. शेवटी तिला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "आमच्या घाणीची शेतात भाकर व्हती. ह्याच्या घाणीनं माणूस मरतंय. ज्याच्या घाणीनं मरतंय त्याची फी कामून उतरवायलाव? त्याची वाढवा, अन् आमच्या दारातून ते इख हलवा."

ठेकेदार पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. तो न उठताच हसून म्हणाला, की एकीचा नवरा गेला म्हणून सगळ्या रडायला आल्यात, चार पैसे देऊन वाटेला लावा. अक्का चालत त्याच्यापर्यंत गेली. पायातली चप्पल काढली. पहिल्याच फटक्याला त्याचा चष्मा फुटून काच गालात शिरली. तो खुर्चीसकट उलथला, तरी ती मारतच होती, तोंडावर, कानावर, हाताच्या आड लपवलेल्या डोक्यावर. सभासद टेबलं ओलांडून पळाले. पोलिसांनी तिला काठ्यांनी झोडपून खाली पाडलं, तिचे समोरचे दात तिथंच फरशीवर पडले. मी सगळं उभी राहून बघितलं. त्या माणसाच्या तोंडातून रक्त येत होतं आणि मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

ती बीदरच्या जेलात असताना नगरपालिकेचा निर्णय झाला. खताची फी होती तशीच ठेवली, कारखान्याच्या गाळाची चांगलीच वाढवली आणि गावाच्या हद्दीत तो टाकायला बंदी केली. जनतेच्या सूचना विचारात घेऊन, असं त्यात लिहिलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा जाळीतून तिला हे सांगितलं. तिनं मान हलवली आणि लक्ष्मणच्या खटल्याचं विचारलं. त्याचं मात्र काही झालं नाही. साक्षीदार फिरले, मारेकरी सुटले. त्यातला एक अजून बाजारात दिसतो म्हणतात.

ठेकेदारानं टँकर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नेले. अक्का सुटून आली ती काही दिवसांनी त्या खेड्यात गेली, तिथल्या बायांना सखूबाईच्या पायाचं सांगायला. तिथंही तिला मार बसला. ती पुन्हा गेली. मी तोवर गुलबर्ग्याला बालवाडीत नोकरीला लागले होते. सुट्टीत गेले की तिच्या अंगावर नवा वळ असायचाच. एका सुट्टीत खड्ड्यावर एक लंगडा माणूस खत चाळताना दिसला. तोच ड्रायव्हर. गाळ वाहून वाहून त्याच्या दोन्ही हातांची सालं निघाली होती, ठेकेदारानं हाकलून दिलं होतं. तो काम मागत दारात आला, तेव्हा अक्कानं म्हणे त्याचे हात उलटसुलट करून बघितले आणि कामावर घेतलं. मला राग आला. याला कशाला, असं मी विचारलं. "त्याच्या मांडीला भोक मीच पाडलंय," ती म्हणाली. "आता त्याला दुसरं कोण ठेवून घेतंय?" त्यानं माफी मागितली नाही, तिनंही नाही. तो तिला अक्का म्हणायचा. तिला खांदा देणाऱ्यांत तोही होता, असं भाऊजींनी सांगितलं.

अक्काच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला मी गावी गेले. अक्काच्या घरात बरीच माणसं होती, तिच्या मारामाऱ्यांच्या गोष्टी चालल्या होत्या, सगळे मोठ्यानं बोलत होते. मी आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. अक्काच्या सुनेनं घागरीतून तांब्या भरला. मला देण्याआधी तो तिनं नाकापाशी नेला, खोल वास घेतला आणि मग पुढं केला. त्या घरात वास घेतल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही, देतही नाही. टँकर यायचे त्या दिवसांत, गाळ पाण्यात उतरला असेल म्हणून, अक्कानं सगळ्यांना ती सवय लावली होती. सून त्यानंतर घरात आलेली, तिनं तो गाळ कधी बघितलाही नाही. मीही तांब्या नाकाशी धरला.

पाण्याला कसलाच वास नव्हता. मी ते सगळं प्यायले.